मैथिलीला, एन२ च्या वाचनाबद्दल

दांडिया बाजार, बडोदे

चि. मैथिली,
अनेक आशीर्वाद.

जपानी भाषेच्या एन२ परीक्षेचा जुलैचा निकाल कळला. पास व्हायला एकूण ९० लागतात, त्याच्या वर गेलीस, पण वाचनात ६० पैकी १९ लागतात आणि तुला मिळाले १७. "सगळं येत होतं गं, वेळ पुरला नाही," म्हणालीस ते पटतं. तरी त्या झटपट वाचनाच्या कोर्सला पैसे भरू नकोस. जपानीत शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत. शब्द कुठे संपला हे कळल्याशिवाय डोळे पळवून काय उपयोग?

तू पाठवलेला नमुना पेपर बाबांनी छापून आणला. मला त्यातलं एक अक्षर लागत नाही, पण पेपर काढण्यातच नोकरी गेली, तेव्हा मांडणी कळते. कांजी (चिनीतून आलेली त्यांची चित्राक्षरं), शब्द, व्याकरण, उतारे, सगळ्याला मिळून १०५ मिनिटं. आणि तू पहिल्याच पानांवर प्रत्येक उत्तर दोनदा पडताळणार! कांजीचा उच्चार विचार करून आठवत नसतो. आला तर आला, नाहीतर खूण करून पुढे जा. उताऱ्यांना तासभर तरी उरायला हवा. शेवटी सूचनापत्रक देतात, तिथे आधी प्रश्न वाच आणि तेवढंच शोध.

मराठी शाळेतून तुला गुजराती माध्यमात घातलं तेव्हा तू अक्षर अक्षर लावत वाचायचीस. वेग आला तो पाठ्यपुस्तकाने नाही, दुकानांच्या पाट्या आणि खालच्या वर्गांची गोष्टींची पुस्तकं वाचून. आताही रोज खालच्या पातळीचा, एन३ चा, एखादा उतारा घे, घड्याळ लाव, शब्दकोश बंद. अडलेले शब्द नंतर बघ. जपानच्या एनएचके वाहिनीच्या सोप्या बातम्याही चांगल्या, फक्त कांजीवर बारीक हिरागानात, म्हणजे त्यांच्या उच्चाराच्या लिपीत, उच्चार असतो तो झाक. डोळा आधी तिकडेच जातो, आणि परीक्षेत ती सोय फारशी नसते.

आणखी एक. मध्येच थांबून मागे जाऊ नकोस. त्यांचं क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, नकारही तिथेच. आपल्याला त्याची जन्मापासून सवय आहे. वाक्य संपू दे, मग ठरव.

दर रविवारी फोनवर मिनिटं सांग, मार्क नकोत. डिसेंबरचा पहिला रविवार फार लांब नाही. अर्जाची मुदत बघितलीस ना?

तुझी,
आई