बाबांच्या पायाच्या अंगठ्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर अंगठ्याचा विषय काढला की बाबा लगेच गंगेला पाणी किती आलंय त्यावर घसरतात, म्हणून लिहायला बसले.

बाबा, पांघरुणाचा स्पर्शही न सोसणारं ते रात्रीचं दुखणं 'वयाचं' नाही, तो गाऊट आहे. रक्तात युरिक ॲसिड साधारण 6.8 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर राहिलं की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू लागतात. एखाद्या रात्री शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि सांधा लालबुंद होतो. आठ-दहा दिवसांत ठणका जातो, स्फटिक मात्र तिथेच असतात. आणि नेमकी तेव्हाच तुम्ही गोळी सोडता!

ॲलोप्युरिनॉल ही ठणक्यावरची गोळी नाहीच. तिने युरिक ॲसिड कमी तयार होतं. आकडा 6 च्या खाली टिकला तर साचलेलं हळूहळू विरघळतं, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षंही. सुरुवातीला उलट झटके येऊ शकतात. शेजारचे काका 'गोळीनेच बिघडलं' म्हणतात ते त्यामुळे. झटका आला तरी ती बंद करायची नाही. अंगावर पुरळ उठलं तर मात्र लगेच थांबवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा.

आई, तू वरण, पालक, टोमॅटो सगळंच बंद केलंस. डाळी-पालेभाज्यांनी गाऊटचा धोका वाढताना दिसलेला नाही. रविवारची मिसळ खाऊ दे त्यांना, तर्रीचं आपण वेगळं बघू. काट मारायची ती कलेजीवर, सुकटीवर, कोल्ड्रिंकवर आणि काकांबरोबरच्या बिअरवर. (तुला ठाऊक नव्हतं असं मी धरत नाही.) 'नाशिकची वाइन औषधी असते' हेही आता पुरे.

झटक्याच्या दिवसांत रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून हुरळू नका, तेव्हा आकडा खाली दिसू शकतो. दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा, सोबत किडनीसाठी क्रिएटिनिनही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक या ठणक्याच्या गोळीने बीपी वाढतं, किडनीवरही ताण येतो. ती नकोच.

एक राहिलं. बीपीच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायाझाइड नावाचं औषध असतं, त्याने युरिक ॲसिड वाढतं. मनाने काही बंद करू नका, डॉक्टरांना विचारू. आई, त्यांच्या बीपीच्या गोळ्यांच्या पट्टीचा फोटो आजच पाठव. बाबांवर सोपवू नकोस, ते गोळ्या डबीत काढून पाकीट फेकून देतात.

तुमची,
धाकटी