तक्रार पत्र: स्पेसरच्या लेबलवरील दिशाभूल करणारी चिन्हे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: इन्हेलरच्या स्पेसरवरील सूचनाचित्रांत तातडीने दुरुस्ती करण्याबाबत

महोदय,

आपल्या स्पेसरच्या, म्हणजे इन्हेलरला जोडून औषध ओढायच्या पोकळ नळीच्या, खोक्यावर वापराची सहा चित्रे आहेत. त्यांतली चार सदोष आहेत, आणि कोपऱ्यातले एक चिन्ह साफ चुकीचे.

सर्वांत गंभीर चूक वाळूच्या घड्याळाची. औषध ओढल्यावर 10 सेकंद श्वास रोखायचा, यासाठी आपण ते छापले आहे. पण वैद्यकीय साधनांवरील चिन्हांच्या आयएसओ 15223-1 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वाळूचे घड्याळ म्हणजे वापराची अंतिम मुदत. तारीख त्याच्या शेजारीच छापतात. आपल्याकडे शेजारी नुसते '10' आहे. वैद्यकीय साहित्य रोज हाताळणाऱ्याला तो महिना वाटेल, घरच्या माणसाला दहा मिनिटे. श्वास रोखणे मात्र कोणालाच कळणार नाही. वेळ चित्रात नीट मावत नाही. मिटलेले ओठ रेखाटा आणि खाली सरळ '10 सेकंद' लिहा.

श्वास सोडणे आणि ओढणे या दोन्ही चित्रांत चेहरा तोच, बाण तोच, फक्त टोक उलटे. एवढ्या बारीक टोकात शाई पसरली की दिशाच उरत नाही. फवारा दाबून कोणी फुंकर मारली, तर औषध आतल्या भिंतींवर बसते आणि डोस वाया जातो. श्वास सोडताना स्पेसर तोंडापासून दूर दाखवा. ओढताना बाण थेट छातीपर्यंत न्या.

धुण्याच्या चित्रात नळाशेजारी फडका कशासाठी? प्लास्टिकचा स्पेसर पुसला की स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि न पुसता हवेवर वाळवणे, एवढेच हवे.

त्याच चित्राखाली कोपऱ्यात काट मारलेला '2' आहे, म्हणजे 'पुन्हा वापरू नका'. मग धुवायचे कशाला? 'दुसऱ्याला देऊ नका' असे म्हणायचे असेल, तर एकाच रुग्णाने वारंवार वापरायच्या साधनासाठी त्याच मानकाच्या 2021 च्या आवृत्तीत वेगळे चिन्ह आहे.

नवी चित्रे छपाईच्या प्रत्यक्ष आकारात, स्पेसर कधीच न वापरलेल्यांना दाखवावीत. पर्याय न देता विचारावे: "हे पाहून तुम्ही काय कराल?" उलट अर्थाची उत्तरे वेगळी मोजावीत. सुरक्षाचिन्हांसाठी एएनएसआय झेड535.3 या अमेरिकी मानकामध्ये किमान 85% बरोबर आणि उलट अर्थाची जास्तीत जास्त 5% उत्तरे अशी कसोटी आहे. तीच इथे लावावी.

तोवर विक्रीतल्या प्रत्येक खोक्यात दुरुस्तीपत्रक घालावे आणि 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

आपले,
रुग्णांना इन्हेलरचा वापर शिकवणारे परिचारक व परिचारिका