किल्लारी भूकंपातील मृतांची नावे गावनिहाय लिहिली जावीत

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपाची आठवण आपल्या वृत्तपत्रात आवर्जून छापली जाते आणि ज्या पिढीने ती पहाट पाहिली नाही तिच्यापर्यंतही ती पोचते, याबद्दल प्रथम आभार मानतो. मात्र त्या मजकुरातल्या मृतांच्या आकड्यापाशी मी दरवर्षी अडखळतो. कुठे तो ७,९२८ असतो, कुठे ९,७४८, आणि बोलताना तर आपण सगळेच ‘दहा हजार माणसे गेली’ असे म्हणून पुढे जातो. पहिल्या दोन आकड्यांत १,८२० माणसांचे अंतर आहे. इतकी माणसे म्हणजे त्या भागातले एक नांदते गाव. हे गाव एका यादीत आहे आणि दुसऱ्या यादीत नाही, आणि तरीही आपल्याला त्याची चुटपुट लागत नाही, याचा अर्थ ज्यांना आपण श्रद्धांजली वाहतो ते कोण होते हे आपण पुरते लिहूनच ठेवलेले नाही. एवढ्या एकाच गोष्टीसाठी हे पत्र लिहीत आहे.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत रात्री उशिरापर्यंत विसर्जन चालले, दमलेली माणसे घरी येऊन आडवी झाली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांच्यावरचे मातीचे जड माळवद, म्हणजे उन्हाळ्यात गारवा देणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या भरवशावर निर्धास्त झोपावे असे घर, तेच झोपलेल्यांच्या अंगावर आले. त्यानंतर पावसाने गाठले. ढिगाऱ्यांतून काढलेल्या देहांवर सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. कुणाला अग्नी द्यायचा आणि कुणाला माती, हे विचारण्याइतकीही उसंत पुष्कळ ठिकाणी उरली नव्हती. ओळख पटवणाराच शेजारच्या ढिगाऱ्याखाली असेल तर ओळख कोण पटवणार? आकड्यांतला घोळ तिथेच सुरू झाला, आणि त्या दिवसांत तो होणे स्वाभाविक होते. तो आजपर्यंत तसाच राहावा, हे मात्र स्वाभाविक नाही.

भूकंपाच्या दिवशी भाद्रपदी पौर्णिमा होती आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागला. आपल्याकडे पितरांना पाणी देताना नाव आणि गोत्र उच्चारतात, बाप, आजोबा, पणजोबा असे तीन पिढ्यांपर्यंत मागे जातात, आणि ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांच्यासाठीसुद्धा सर्वपित्री अमावास्या राखून ठेवलेली असते. या रीतीवर कुणाची श्रद्धा असो वा नसो, मेलेल्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी हे तिच्यातले शहाणपण मला फार मोलाचे वाटते. पण किल्लारी परिसरात घरेच्या घरे अशी गेली की मागे नाव घेणारे कुणी उरले नाही. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, लिंगायत होते, स्वतःची जमीन नसलेले मजूरही होते. अशांचे नाव घेण्याची जबाबदारी मग कुटुंबाकडून समाजाकडे येते, आणि समाजाने ती ‘सर्व ज्ञात-अज्ञात मृतांस’ अशा एका ओळीत उरकणे मला पटत नाही.

मी शिक्षक होतो. भूकंपानंतर काही आठवड्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा पुन्हा भरू लागली तेव्हा वरून आलेल्या सूचनेप्रमाणे हजेरीपटावरची नावे कमी करण्याचे काम माझ्या वाट्याला आले. ‘नाव कमी करणे’ हा शाळेतला रोजचा शब्द आहे. मूल दुसऱ्या गावी गेले, शाळा सोडली, की नाव कमी होते आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहिले जाते. त्या दिवशी मी एकाखाली एक ‘मयत’ लिहीत गेलो. हयात असलेली मुले समोर बसून बघत होती आणि कोणत्या ओळीवर माझा हात थांबला आहे हे त्यांना ठाऊक होते, कारण हजेरीचा क्रम मुलांना तोंडपाठ असतो. एका मुलीने मला विचारले की आता तिचा क्रमांक बदलणार का. मी त्या वर्षापुरते कुणाचेच क्रमांक बदलले नाहीत. गेलेल्या मुलांच्या क्रमांकांवर मी थोडा थांबायचो आणि पुढे जायचो, आणि वर्ग ते समजून घ्यायचा.

हा अनुभव सांगण्याचे कारण असे की नावे सापडणार नाहीत, हे म्हणणे मला खरे वाटत नाही. ती कागदांवर होती आणि त्यांतली पुष्कळशी अजूनही असणार. शाळांचे हजेरीपट आणि दाखलखारीज रजिस्टर, १९९३च्या आधीच्या मतदारयाद्या, शिधापत्रिकांच्या नोंदी, वारसांची नावे लावताना झालेले सातबाऱ्यावरचे फेरफार, मृतांच्या वारसांना दिलेल्या मदतीच्या याद्या, पुनर्वसनात घरे वाटताना केलेल्या कुटुंबांच्या नोंदी, हे सगळे वेगवेगळ्या कपाटांत वेगवेगळ्या कारणांसाठी तयार झालेले कागद आहेत. ते गावनिहाय एकत्र मांडून एकमेकांशी ताडून पाहिले तर बहुतेक नावे हाती येतील असा माझा विश्वास आहे.

उरतील ती मात्र कागदावर कधी चढलीच नव्हती अशी माणसे, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. बारसे न झालेली तान्ही मुले, गौरी-गणपतीसाठी माहेरी येऊन राहिलेल्या लेकी, ज्यांची नोंद सासरच्या गावात होती आणि मृत्यू या गावात झाला, दुसऱ्या तालुक्यातून आलेले सालगडी, नुकतेच लग्न होऊन आलेल्या आणि अजून शिधापत्रिकेवर नाव न लागलेल्या सुना. त्यांची नावे केवळ माणसांच्या आठवणीत आहेत. तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेली माणसे आता साठी ओलांडून गेली आहेत, आणि त्यांच्याकडे जाऊन बसण्यासाठी आपल्याकडे फार वर्षे नाहीत. तान्ह्या मुलाचे नाव नसेल तर ‘अमक्याची तीन महिन्यांची मुलगी’ असे लिहिता येते. तेही नाव आहे.

असे काम इतरांनी केले आहे. २००१च्या भूकंपात गेलेल्यांसाठी भूजजवळच्या भुजियो डोंगरावर ‘स्मृतिवन’ उभे राहिले, तेव्हा डोंगरउतारावर पाणी अडवण्यासाठी बांधलेल्या तळ्यांच्या भिंतींवर मृतांच्या नावांच्या पाट्या बसवण्यात आल्या. हिरोशिमात अणुबॉम्बच्या बळींची नामावली स्मारकातल्या दगडी पेटीत ठेवलेली आहे, आणि दरवर्षी ६ ऑगस्टला मागच्या वर्षभरात निधन पावलेल्या बाधितांची नावे तिच्यात भरली जातात. म्हणजे १९४५ सालच्या बळींची यादी ते अजून बंद झाली असे मानत नाहीत. दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्मा सैनिकांची नावे दगडात कोरलेली आहेत. सैनिकाचे नाव कोरावे याबद्दल आपल्या मनात शंका येत नाही. झोपेत गेलेल्या शेतमजूर बाईच्या नावाबद्दलही ती येऊ नये.

किल्लारीला स्मृतिस्तंभ आहे आणि तिथे दरवर्षी पुष्पचक्र वाहिले जाते. ते चालू राहावेच. परंतु उद्ध्वस्त होऊन नव्या जागी वसवलेली गावे ५२ आहेत, आणि सास्तूर, तळणी, होळी, पेठसांगवी या प्रत्येक गावाचे दुःख त्याच्या त्याच्या शिवारात आहे. म्हणून नावे एकाच मोठ्या स्मारकावर न कोरता ज्या त्या जुन्या गावठाणावर कोरली जावीत असे मला वाटते. ज्या गावांनी हे आधीच केले असेल त्यांच्या शिळा जपल्या जाव्यात. नावाबरोबर वय असावे आणि एका घरातली माणसे एकत्र असावीत, म्हणजे वाचणाऱ्याला कोणते घर पूर्ण बसले ते विचारावे लागणार नाही. कुणा नातेवाइकाला आपल्या माणसाचे नाव उघड्यावर नको असेल तर त्याचा शब्द अखेरचा मानावा.

त्याच शिळेवर ही माणसे कशाने गेली हेही चार ओळींत लिहावे. १९९२च्या ऑक्टोबरपासून या भागात लहान धक्के जाणवत होते, तरी हा सगळा पट्टा भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात धरलेला होता. २००२ साली मानके सुधारली तेव्हा तो तिसऱ्या क्षेत्रात गेला आणि पहिले क्षेत्र नकाशावरूनच काढून टाकण्यात आले. देशाचा नकाशा बदलला तो या माणसांच्या मृत्यूनंतर, एवढे तरी त्यांच्या नावाखाली नमूद असणे हा त्यांचा हक्क आहे.

लातूर आणि धाराशिव जिल्हा प्रशासनांनी तालुक्यातल्या निवृत्त शिक्षक, तलाठी आणि ग्रामसेवकांना हाताशी धरून हे काम हाती घ्यावे, अशी या पत्राद्वारे विनंती करतो. आमच्यातले पुष्कळजण एक पैसाही न घेता येतील, याची मला खात्री आहे. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. येत्या ३० सप्टेंबरपासून रोज एका गावाची नावे छापावीत. ५२ दिवस लागतील. यादी अपुरी असेल तर ती अपुरी आहे असे खाली लिहून वाचकांना भर घालायला सांगावे.

माझ्या शाळेच्या त्या वर्षीच्या हजेरीपटाची मी स्वतःच्या हाताने उतरवलेली प्रत माझ्याकडे आहे. त्यात सगळी नावे मूळ क्रमांकानुसार आहेत. नातेवाइकांची संमती घेऊन त्या गावाच्या यादीसाठी ती मी आपल्याकडे पोचती करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक