पर्वरीचा फ्लॅट आत्ताच घेऊ नकोस

तोयामा, जपान
१२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईला डिचोलीतून पर्वरीच्या फ्लॅटवर हलवायचं तू जवळजवळ ठरवलंयस असं वहिनी म्हणाली. लिफ्ट, वॉचमन, सगळं खरं. पण आई गाडी चालवत नाही रे! फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून लिहितेय.

आधी इथलं ऐक. आमच्या गल्लीत दोन घरांना कुलूप आहे. जपानची लोकसंख्या २००८च्या सुमारास शिगेला पोचली, तेव्हापासून उतरतीच. २०२३च्या सरकारी पाहणीत देशभर ९० लाख घरं रिकामी निघाली. पाडत का नाहीत? तर घर उभं असलं की जमिनीचा कर कमी, पाडलं की वाढतो. शिवाय वारसदार पांगलेले, सह्या कोण गोळा करणार? (आपली इन्व्हेंटरी, ती वारसांतल्या वाटणीची कोर्टकेस, आठवली ना?) शेवटी २०२४च्या एप्रिलपासून वारसाची नोंद सक्तीची केली. शेजारच्या बंद घरातलं पर्सिमनचं झाड लगडलंय, तोडायला कोणी नाही. अशा फळांवर इथे डोंगरातली अस्वलं उतरतात. आपल्याकडे निदान माकडांवर भागतं.

तोयामा मुळात गाडीवाल्यांचं गाव. जो तो लांब लांब घर बांधत गेला. मग माणसं घटली, पण रस्ते, नळ आणि बर्फ उपसणं तेवढंच राहिलं, खर्च मात्र थोडक्यांच्या माथी. तेव्हा २००६मध्ये एक मरायला टेकलेली रेल्वेलाइन ट्राम करून चालू केली, थांब्यांजवळ घर घेणाऱ्याला अनुदान दिलं, आणि पासष्टीपुढच्यांना दिवसा गावात यायला १०० येन तिकीट. फलाट आणि डबा एका पातळीत. वरच्या मजल्यावरच्या आजी चाकांची पिशवी ढकलत सरळ आत जातात. भाजी, डॉक्टर आणि गप्पा एका फेरीत उरकतात.

सगळ्यांना हे जमलं नाही. युबारी हे कोळशाच्या खाणींचं गाव. १९६०च्या सुमारास लाखावर वस्ती, आज सात हजारही नाही. २००७मध्ये पालिकेचं दिवाळं वाजलं, प्राथमिक शाळा एकच उरली. २०१२मध्ये आपल्या खाणी थांबल्या नि ट्रक दारोदार उभे राहिले, ती डिचोली मला आठवते.

तू म्हणशील, गोव्यात कुठे माणसं कमी होतायत? मुलं कमी होतायत, फक्त बाहेरून येणाऱ्यांमुळे दिसत नाही. २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा जननदर १.३ होता, म्हणजे जपानएवढाच. सरकारी मराठी शाळा मुलांअभावी बंद पडतायत, ते तूही वाचतोस. आणि फ्लॅट? कितीतरी सुट्टीपुरते उघडणारे. पैसे भरण्याआधी एकदा पावसाळ्यात, आडवारी रात्री त्या बिल्डिंगखाली उभा राहा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघ.

डिचोलीत आई बुधवारच्या बाजाराला पायी जाते, दवाखाना हाकेवर, बसस्टँड जवळ. हे पर्वरीत कुठून आणणार? त्यापेक्षा न्हाणीत धरायला दांडा बसव, मागच्या दारी पायऱ्यांऐवजी उतार कर. खर्च माझा. रंगकाम नंतर बघू.

इन्व्हेंटरीच्या कागदांवर काकांच्या धाकट्याची सही राहिलीय. मुंबईला गेलास की घेच, तो स्वतःहून यायचा नाही.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
बाय