सुन्या, तुझ्या गावात एक दिवस

प्रिय सुन्या,

सोलापूर स्टेशनवर बसून लिहितोय. सिद्धेश्वर एक्सप्रेस लागायला अजून तासभर आहे, बॅगेत दोन चादरी, एक शेंगा चटणीचं पाकीट आणि डोक्यात तुझ्यावरचा राग. चार वर्षं एका रूमवर राहिलो आपण आणि तू कायम काय सांगायचास, आमच्या सोलापुरात ऊन, धूळ आणि चादरी, बघण्यासारखं काय नाय बे. खोटारडा!

मामेभावाचं लग्न काल उरकलं आणि आज रात्रीपर्यंत आख्खा दिवस मोकळा होता. सकाळी साडेसातलाच रिक्षा पकडली, कारण तुमच्याकडचं मे महिन्याचं ऊन तुला मी काय सांगणार. आधी भुईकोट किल्ला, शेजारी सिद्धेश्वर तलाव, पाण्याच्या मधोमध देऊळ, तिथे अर्धा तास नुसता बसून राहिलो. ते एक तू सांगितलं होतंस, गड्ड्याच्या यात्रेच्या गप्पांमध्ये, तेवढं माफ.

पण भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर? रोज तिथूनच सायकल मारत शाळेला जायचास ना रे? रिक्षावाले काका म्हणाले, "चीनची माणसं येऊन डोकं टेकवून जातात ओ, आणि आपली माणसं विचारतात हितं दवाखाना हाय का." आता तिथे स्मारक केलंय. मला एवढंच माहीत होतं की कोणीतरी डॉक्टर चीनला गेला होता. 1938 साली भारतातून पाच डॉक्टर गेले, चीन-जपान युद्ध चालू होतं, बाकीचे परत आले आणि हा पठ्ठ्या राहिला. भाषा शिकला, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला त्याचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मुलगा काही महिन्यांचा असताना, 1942 च्या डिसेंबरात, फिट येऊन गेला. बत्तीस वर्षांचा होता. मी बत्तीसचा होतो तेव्हा फ्लॅटच्या पार्किंगवरून सोसायटीत भांडत होतो, हे तिथे उभं राहून आठवलं आणि उगाच ओशाळलो.

मग चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी काकांनी आपणहून रिक्षा हळू केली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, चारही नावं त्यांनी एका दमात घेतली. 1930 मध्ये इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला होता आणि पुढच्या 12 जानेवारीला येरवड्यात या चौघांना फाशी दिली. काकांना तारीखसुद्धा पाठ! मी इतिहासाला पास कसा झालो देव जाणे.

आता चादर. तुझी ती हॉस्टेलवरची मरून रंगाची चादर आठव, सुलटी बाजू कुठली यावरून आपण दोघं भांडायचो ती. आज कळलं, सुलटी बाजूच नसते! पूर्व भागात एका कारखान्यात काकांच्या ओळखीने आत सोडलं. आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलायचं, आणि ओरडणं सगळं तेलुगूत. मागावर डोक्याच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते, खट् करून एक पुठ्ठा पुढे सरकतो, जिथे भोक तिथला धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथला खालीच, मधून आडवा धागा घेऊन धोटा सर्रकन जातो, की पुढचा पुठ्ठा. असं करत करत फूल उमटतं. आणि वर जे फूल मरून तेच खालून पांढरं, म्हणजे रंगांची फक्त अदलाबदल. विणणाऱ्या मामांचा हात सतत धाग्यावर, तुटला की बघतसुद्धा नाहीत, बोटांनीच गाठ. कानात कापूस. घेतलेल्या दोन चादरींपैकी एक तुझी आहे, मरूनच.

त्याच्या आधी मात्र मी फसलो होतो. एका दुकानात अस्सल म्हणून टॉवेल गळ्यात मारला, बाहेर येऊन लेबल बघितलं तर गाव भलतंच! सोलापुरात येऊन टॉवेलला फसणारा मीच.

दुपारी खाणावळीत कडक भाकरी. पापडासारखी पातळ, मोडली की आवाज टेबलापलीकडे जातो, वाटीत दही, त्यात शेंगा चटणी, भरलं वांगं, आणि शेवटी शेंगा पोळी. तू घरून आणायचास ती चटणी आम्ही पावावर लावून खायचो, केवढं पाप होतं ते. मधला मारुतीजवळ विकत घेताना दुकानातल्या बाईंना विचारलं, मिक्सरमधून काढलेली का, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बस. उखळात कुटायची म्हणे, शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत, तेव्हाच ती अशी लगदा होऊन बोटाला चिकटते. किलोभर घेतली, अर्धी तुझ्यासाठी असं ठरवून.

पण गाडीला वेळ आहे, दोन कडक भाकऱ्या बॅगेत होत्या, आणि समोरच्या आजोबांकडे दही निघालं. सध्या पाऊण किलो शिल्लक आहे. कल्याण येईपर्यंतचं काही खरं नाही, तेव्हा तू चादर न्यायला ये आणि येताना आईला कुटायला सांगून ये.

तुझा,
पक्या