प्रोपेलर बॅलन्सिंगचे अर्धवट काम : तक्रार आणि फेरकामाची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
विमान देखभाल विभाग, मुंबई

विषय : जुहू येथे केलेल्या डायनॅमिक बॅलन्सिंगमधील गंभीर त्रुटी

महोदय,

जुहू विमानतळावरील आमच्या पायपर ॲरो विमानाच्या प्रोपेलरचे डायनॅमिक बॅलन्सिंग (इंजिन चालू ठेवून कंपन मोजायचे आणि लहान वजने लावून ते कमी करायचे) आपल्या माणसांनी गेल्या महिन्यात केले. बिल आम्ही त्याच दिवशी चुकते केले. आपल्या रिपोर्टवर कंपनाचा शेवटचा आकडा ०.०६ आयपीएस (इंच प्रति सेकंद, कंपनाच्या वेगाचे माप) असा आहे. प्रत्यक्षात मात्र क्रूझमध्ये, म्हणजे स्थिर वेगाने उडताना, पेडलवर ठेवलेल्या पायांना पूर्वीइतकीच थरथर जाणवते. म्हणून आम्ही दुसऱ्या परवानाधारक इंजिनिअरला बोलावून त्यांच्या यंत्रावर मोजून घेतले. २४०० आरपीएमला (मिनिटाला २४०० फेऱ्या) आकडा आला ०.४१. ०.०७ च्या खाली असेल तर काम उत्तम आणि ०.२ च्या वर असेल तर काम बाकी, हे माप आपल्याच धंद्यातले आहे.

त्या वेळी स्पिनर, म्हणजे प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी, उघडला, तेव्हा आत जे दिसले त्यामुळे हे पत्र लिहावे लागत आहे. बॅकप्लेटच्या, म्हणजे स्पिनरमागच्या चकतीच्या, एकाच भोकात वजन म्हणून वॉशरची चवड रचलेली होती. चवड इतकी जाड की बोल्टचे आटे नटच्या बाहेर आलेलेच नाहीत. सेल्फ-लॉकिंग नटच्या बाहेर किमान एक आटा दिसलाच पाहिजे, हे शिकाऊ मुलालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. त्यातले दोन वॉशर विमानाच्या दर्जाचे नव्हतेच. नागदेवी स्ट्रीटवर किलोवर मिळतात तसले साधे लोखंडी, आणि जुहूच्या खाऱ्या हवेत त्यांच्या कडेला तांबूस गंज धरलेला. हे वॉशर आम्ही पाकिटात सीलबंद करून ठेवले आहेत.

हे पत्र आधी हिशेबाच्या टेबलावर जाईल, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. १५ सेंटीमीटर त्रिज्येवर बसवलेले १० ग्रॅमचे वजन २४०० आरपीएमला जवळजवळ १० किलोच्या जोराने बाहेर ओढते आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला ४० फेऱ्या मारते. इतका ताण अपुऱ्या आट्यांवर टांगलेला होता. तो बोल्ट हवेत सुटला असता तर काय झाले असते, हे मी इथे लिहीत नाही. आपल्या इंजिनिअरना ते ठाऊक आहे. त्या दिवसापासून विमान आम्ही जमिनीवरच ठेवले आहे.

आता नोंदींबद्दल. मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा आहे. वॉशर बदलता येतात, पण न लिहिलेली नोंद नंतर कुठून आणायची? मागच्या ओव्हरहॉलच्या वेळी वर्कशॉपने प्रोपेलर उतरवून, स्थिर अवस्थेत तोल साधण्यासाठी हबवर (पाती बसवलेल्या मधल्या भागावर) लावलेल्या स्टॅटिक वजनांपैकी एक आता जागेवर नाही. ते कोणी काढले, का काढले, याचा प्रोपेलरच्या लॉगबुकात एक शब्दही नाही. साइटवर बॅलन्सिंग करायला येणाऱ्याने स्टॅटिक वजनांना हात लावायचाच नसतो. नवी वजने किती, कोणत्या भोकात, हेही लिहिलेले नाही. पुढच्या ओव्हरहॉलला ही वजने काढून प्रोपेलर मूळ स्थितीत आणावा लागतो. ते काम करणाऱ्याने कशाच्या आधारे करायचे? शिवाय मोजणीसाठी पात्याच्या मागे चिकटवलेली रिफ्लेक्टिव्ह टेपसुद्धा तशीच सोडून आपली माणसे निघून गेली.

रिपोर्टही एका ओळीचा आहे. काम सुरू करण्यापूर्वीचे कंपन किती होते, फेज अँगल (असंतुलन फेरीच्या कोणत्या कोनात आहे ते) किती, चाचणीपुरते ट्रायल वजन लावल्यावर आकडा कुठे सरकला, मोजणी कोणत्या आरपीएमला केली, यातले काहीही त्यात नाही. सुरुवातीचे कंपन फारच जास्त असेल तर वजने लावून भागत नाही, प्रोपेलर उतरवून आधी स्टॅटिक बॅलन्स करावा लागतो. आमचा प्रोपेलर त्या अवस्थेत होता की नव्हता, हे आपल्या कागदावरून कळायला मार्ग नाही. सेन्सरचे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितले, तेव्हा ‘पाठवतो’ असे उत्तर मिळाले. ते आजतागायत आलेले नाही.

मोजणीची वेळही चुकीची होती. दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो हे जुहूत सगळ्यांना माहीत आहे. विमानाचे नाक वाऱ्याकडे असायला हवे होते. ते उत्तरेकडे करून, बाजूने वारा घेत, शेजारी हेलिकॉप्टरची ये-जा सुरू असताना रीडिंग घेतले गेले. मी तेव्हाच हरकत घेतली होती. आपल्या सुपरवायझरनी ‘चालतं साहेब’ म्हणून वेळ मारून नेली.

फोनवर आता सांगितले जाते की दोष इंजिनचा आहे. हे आम्हाला मान्य नाही. प्रोपेलरच्या असंतुलनाचे कंपन फेरीला एकदा, म्हणजे २४०० आरपीएमला ४० हर्ट्झवर दिसते. चार सिलिंडरच्या या इंजिनात फेरीला दोनदा स्फोट होतो, त्याचे कंपन ८० हर्ट्झवर. दुसऱ्या इंजिनिअरच्या आलेखात शिखर ४० वर आहे. इंजिन माउंटची रबरे आम्ही बॅलन्सिंगच्या आधीच नवी घातली होती, त्यामुळे तेही कारण पुढे करू नये.

आमच्या मागण्या अशा. काढलेले स्टॅटिक वजन कुठे आहे आणि कोणाच्या परवानगीने काढले, याचा लेखी खुलासा द्यावा. ओव्हरहॉल वर्कशॉपच्या कागदाशी ताडून ते वजन पूर्ववत करण्याचा खर्च आपण उचलावा. बॅकप्लेटला तडे गेले आहेत का, भोके खराब झाली आहेत का, हे तपासून, सकाळी वारा पडलेला असताना, कॅलिब्रेटेड यंत्राने संपूर्ण काम विनामूल्य पुन्हा करावे आणि प्रत्येक रनचे आकडे द्यावेत. लॉगबुकातील नोंद सही-शिक्क्यासह आमच्यासमोर व्हावी. दुसऱ्या तपासणीचा खर्चही आम्हाला परत मिळावा. हे काम त्याच सुपरवायझरकडे देऊ नये.

१५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर फोटो आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन आम्ही डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मुंबई कार्यालयाकडे जाऊ. पैशांसाठी ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्कही राखून ठेवत आहोत.

सोबत फोटो, दोन्ही रिपोर्ट आणि बिलाची प्रत जोडली आहे. विमान हँगरमध्येच आहे. येणाऱ्यांची नावे आदल्या दिवशी कळवावीत, म्हणजे प्रवेशाचे पास तयार ठेवता येतील.

आपला,
विमानाच्या सर्व भागीदार मालकांच्या वतीने
जुहू, मुंबई