पेंटबॉलची टाकी घेताना आधी विचारा, भरणार कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातली मराठी मुलं काय काय खेळतात यावर लेख आला होता. चांगला होता, पण पेंटबॉलबद्दल त्यात एकच वाक्य होतं की मार्करची, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीची, हवेची टाकी घेताना शक्य तेवढी मोठी घ्यावी म्हणजे हवा संपत नाही. मला त्या एका वाक्याबद्दलच लिहायचंय. इथे शिकागोच्या आसपासच्या उपनगरांत आपली पोरं हल्ली वाढदिवसाला सर्रास पेंटबॉलला जातात, दोन-तीनदा भाड्याचं सामान वापरून झालं की स्वतःचा मार्कर पाहिजे म्हणून डोकं खातात, मग पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतं टाकी कुठली घेऊ, आणि उत्तर ठरलेलं असतं, अडुसष्ट-पंचेचाळीसशे (६८/४५००, अर्थ पुढे सांगते) घे, डोळे झाकून घे. मी आधी चिंचवडला आणि मग इथे, आयुष्यभर कॉम्प्रेसरच्याच धंद्यात काम केलंय, माझी दोन्ही मुलं हा खेळ खेळतात, त्यामुळे हे "डोळे झाकून" वाचलं की मला राहवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रंगाच्या गोळ्या एकमेकांवर मारायचा हा खेळ. पेंटबॉलची बंदूक म्हणजे मार्कर, त्यातून जिलेटिनच्या कवचाची, आत रंग भरलेली, साधारण १७ मिलिमीटरची आणि तीनेक ग्रॅमची गोळी सुटते. १९८१ साली न्यू हॅम्पशायरच्या जंगलात काही मित्रांनी झाडांवर नि गुरांवर खुणा करायच्या बंदुका घेऊन पहिला गेम खेळला तिथून हे सुरू झालं. गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या वर जाऊ देत नाहीत, बरीच मैदानं २८० लाच थांबवतात. गोळी ढकलायचं काम दाबाखालची हवा करते आणि ती मार्करच्या मागे लावलेल्या टाकीत असते.

टाकीवर दोन आकडे असतात. ४८/३००० म्हणजे आतली जागा ४८ क्युबिक इंच, म्हणजे पाऊण लिटरच्या थोडं वर, आणि भरायचा दाब जास्तीत जास्त ३००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर ३००० पौंड. ही शक्यतो अॅल्युमिनियमची असते. ६८/४५०० म्हणजे १.१ लिटर, ४५०० पीएसआय, ही कार्बन फायबर गुंडाळलेली. लोक काय करतात, दोन्ही आकड्यांचा गुणाकार करतात आणि म्हणतात एक लाख चव्वेचाळीस हजार विरुद्ध तीन लाख सहा हजार, दुप्पट हवा. हिशोब इतका सरळ नाहीये. टाकीच्या तोंडाशी रेग्युलेटर असतो, तो मार्करला साधारण ८०० पीएसआय पुरवतो, आतला दाब त्याच्या खाली गेला की गोळ्या वाटेतच पडायला लागतात. गच्चीवरच्या टाकीला नळ तळापासून वीतभर वर बसवलेला असला की खालचं पाणी असून नसल्यासारखं, तसंच हे, शेवटचे ८०० तुमचे नाहीत. ते वजा करून मांडलं तर ४८ गुणिले २२०० म्हणजे १,०५,६०० आणि ६८ गुणिले ३७०० म्हणजे २,५१,६००. आता मोठी टाकी जवळपास अडीचपट दिसते, पण ४५०० च्या दाबाला हवा पुस्तकातल्या सोप्या नियमाने वागत नाही, थोडी कमीच मावते, म्हणून प्रत्यक्षात सव्वादोनपट धरावं. मैदानावरचा ठोकताळाही तेच सांगतो, ४८/३००० वर चारशे ते पाचशे गोळ्या, ६८/४५०० वर हजाराच्या आसपास.

आता माझा खरा मुद्दा. टाकीवर ४५०० लिहिलंय म्हणून तिच्यात ४५०० भरलं जाईलच असं नाही. ते मैदानावरचा कॉम्प्रेसर ठरवतो. मोठ्या, टुर्नामेंट घेणाऱ्या मैदानांवर ४५०० मिळतं, पण गावाबाहेरची छोटी मैदानं, शेतात जाळी बांधून सुरू केलेली, तिथे बऱ्याचदा ३००० वरच थांबतात, आणि स्कूबाच्या, म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या सामानाच्या, दुकानातून भरून घेणार असाल तर तिथेही साधारण तेवढंच. मग ६८ ची टाकी ३००० ला भरून मिळते, ६८ गुणिले २२००, म्हणजे १,४९,६००. छोटीच्या जेमतेम १.४ पट! छोटी पन्नास-साठ डॉलरला येते, कार्बनची दीडशेच्या पुढे, म्हणजे अडीच-तीनपट पैसे मोजून दीडपटसुद्धा हवा नाही. म्हणून दुकानात जायच्या आधी मैदानाला फोन करा नि विचारा की तुमच्याकडे किती पीएसआयपर्यंत भरून देता, आणि दिवसभराची हवा प्रवेश फीमध्येच आहे का. उलटंही लक्षात ठेवा, ३००० ची टाकी ४५०० च्या भरणीला कधीही तशीच लावायची नाही, मैदानावर दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी असतात, मुलाला वेगळं शिकवून ठेवा कुठली आपली.

काही जण स्कूबाची टाकी गाडीत ठेवून तिच्यातून भरतात. तेही चालतं, पण त्याचं गणित माहीत हवं. आपल्या तारकर्लीला समुद्रात नेतात तशी साधारण ११ लिटरची, २०० बारची, म्हणजे २९०० पीएसआयची टाकी धरा. तिच्यातून रिकामी ४८ ची बाटली भरली तर पहिली १८७ बारला थांबते, दुसरी १७४ ला, तिसरी १६३ ला. प्रत्येक भरणीला मोठ्या टाकीतला दाब उतरत जातो, पूर्ण ३००० तर पहिल्यालाही मिळत नाही, तिसऱ्या-चौथ्या पोराला बरीच कमी भरणी मिळते आणि मग तो म्हणतो माझा मार्करच खराब आहे.

भरायचं कुठे ते कळलं की मग दुसरा प्रश्न, दोन भरण्यांच्या मध्ये मूल किती गोळ्या घेऊन फिरणार? हॉपरमध्ये, म्हणजे मार्करवर बसवलेल्या गोळ्यांच्या डब्यात, साधारण २०० गोळ्या मावतात. नवीन मूल हॉपर भरून जातं, पाच-दहा मिनिटांचा गेम, बाहेर आलं की परत हवा भरतं, त्याला ४८/३००० आरामात पुरते, दोन हॉपर मारून होतात. पण जो कमरेला चार पॉड, म्हणजे जादा गोळ्यांची नळकांडी, बांधतो, एकेका पॉडमध्ये १४०, म्हणजे हॉपर धरून ७६० गोळ्या, त्याला ४८ देऊन उपयोग नाही, अर्ध्या रस्त्यात गोळ्या शिल्लक आणि हवा संपलेली. जंगलात दोन-दोन तास आत राहायचे गेम असतात तिथे तर ६८ किंवा ७७ च. आणि पंप मार्कर (दर गोळीला हाताने ओढायचा) नाहीतर पिस्तूल चालवणारा असेल तर १३/३००० सुद्धा बास, शंभर-सव्वाशे गोळ्या होतात, खिशात मावते. अंगावरच्या गोळ्या संपेपर्यंत पुरेल एवढी हवा, त्यावर थोडी शिल्लक, एवढंच माप. उरलेली हवा नुसती उचलून पळायची असते.

वजनाबद्दल मात्र गैरसमज आहे. कार्बनची ६८ दिसायला मोठी पण वजनाला अॅल्युमिनियमच्या ४८ इतकीच, सव्वा किलोच्या आसपास. अडचण येते ती लांबी-जाडीची. ही टाकीच खांद्याला टेकवून नेम धरायचा असतो, त्यामुळे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला लांब टाकी दिली की मार्कर पुढे जातो, हात ताणलेला राहतो, डोळा नेमाच्या रेषेत येत नाही नि अर्ध्या तासात ते मार्कर खाली धरून चालायला लागतं. दुकानात मुलाला घेऊनच जा, मास्क घालूनच टाकी खांद्याला लावून बघा, कोपर आरामात वाकतंय का बघा. लहान मुलासाठी आणि ४५०० भरून देणारं मैदान असेल तर ५०/४५०० फार छान, किलोच्या आत-बाहेर वजन नि गोळ्या सातशेच्या आसपास. माझ्या मते याची शिफारस व्हायला हवी तेवढी होत नाही. पैसे मोजकेच असतील तर ४८/३००० घ्या आणि वाचलेले पैसे मास्कवर घाला, दुहेरी काचेचा, धुकं न धरणारा मास्क, कारण काच धुरकट झाली की पोरं मैदानातच मास्क वर करतात आणि डोळे जातात ते तिथेच.

जुन्या मार्करबरोबर कोणी कार्बन डायऑक्साइडची बाटली फुकट देत असेल तर माझं मत, घेऊ नका. तो आत द्रवरूप असतो, त्याचा दाब हवामानावर नाचतो, २१ डिग्रीला ८५० पीएसआय तर शून्याला ५०० च्या आसपास. इथल्या नोव्हेंबरात गोळी पुढे जात नाही, आणि द्रव मार्करमध्ये गेला की ओ-रिंगांचे, म्हणजे आतल्या रबरी कड्यांचे, बारा वाजतात.

आता सेकंडहँड टाकीबद्दल, यात खूप जण फसतात. प्रत्येक टाकीवर महिना नि साल असतं, अॅल्युमिनियमवर ठोकलेलं, कार्बनवर लेबलमध्ये. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते, इथे तिला हायड्रो म्हणतात, आणि कार्बनच्या टाकीचं आयुष्य सहसा १५ वर्षं, त्यापुढे चाचणीही होत नाही. तारीख उलटलेली टाकी चांगलं मैदान भरून देतच नाही. आणि स्वस्तातल्या अॅल्युमिनियम टाकीच्या चाचणीचा खर्च जवळपास नव्या टाकीइतकाच येतो, म्हणजे वीस डॉलरला मिळाली हा आनंद दोन दिवसांचा. कार्बनवर नख अडकेल इतका खोल चरा असेल, धागे सुटलेले असतील तर तीही नको.

भरताना शेजारी उभं राहून बघा. घाई करून एका दमात भरली की टाकी हाताला चांगली गरम लागते, काटा ३००० दाखवतो, मूल खुश होऊन निघतं, आणि गेम सुरू होईपर्यंत टाकी गार झाली की काटा २७०० च्या आसपास येतो, हवा कुठे गळालेली नसते. सावकाश भरायला सांगा. भरायच्या निपलला तेल-ग्रीस अजिबात नाही, पुसायला स्वच्छ कोरडं फडकं, कारण तेलाच्या थेंबावर एकदम एवढा दाब आला की ते पेट घेऊ शकतं. आणि टाकी मार्करमधून काढताना टाकी रेग्युलेटरसकट फिरते आहे की टाकीपासून रेग्युलेटर सुटतो आहे हे बघायलाच हवं. कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्यांचे व्हॉल्व्ह असे सुटून बाटली उडाली आणि अमेरिकेत माणसं दगावलेली आहेत. आमच्या घरात प्रत्येक टाकीवर रेग्युलेटर आणि बाटलीच्या सांध्यावरून नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढलेली आहे. फिरवताना रेघ तुटून दोन्ही तुकडे सरकलेले दिसले की जागच्या जागी थांबायचं नि मैदानावरच्या माणसाला हाक मारायची. हे आठ वर्षांच्या मुलालाही समजतं.

शेवटचं, तुमच्या तिकडच्या वाचकांसाठी. सुट्टीत भारतात येताना भाच्यासाठी एक टाकी घेऊन ये असे निरोप येतात. कृपा करून असं मागू नका. इथल्या विमानतळाचा नियम असा की रेग्युलेटर पूर्ण काढलेला आणि टाकीचं तोंड उघडं दिसत असेल तरच ती सामानात चालते, आणि रेग्युलेटर काढून पुन्हा बसवणं हे घरी पान्याने करायचं काम नव्हे. भारतात गॅस सिलेंडर नियम, २०१६ लागू आहेत, मान्यता देणारी संस्था पेसो, तिचं मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे, आणि टाकीवर अमेरिकेचा शिक्का असला म्हणजे तिकडची मान्यता मिळाली असं होत नाही. भरणार कुठे हा प्रश्न तर तिथेही आहेच. लोणावळा-कर्जतकडे रिसॉर्टवर खेळायला जाल तेव्हा मार्कर आणि हवा त्यांचीच असते, त्यांना टाकीची चाचणी कधी झाली ते विचारा, शिक्का दाखवा म्हणा, दाखवायला का-कू केली तर त्या दिवशी मुलांना दुसरं काहीतरी खेळू द्या. इथून आणायचाच असेल तर भाच्याच्या मापाचा चांगला मास्क मागवा, तो मी आनंदाने बॅगेत घालून आणेन.

आपली नम्र,
एक वाचक
नेपरव्हिल, इलिनॉय